पाटात सोडलेलं लिंबू

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला दुपारी आमच्यावरून गेलं आणि संध्याकाळी वाडीत उभी राहिले तर डोक्यावर आभाळ. आगरात, म्हणजे माड-पोफळीच्या वाडीत, आभाळ दिसत नसतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मे महिन्याच्या भर दुपारीही वाडीत शिरलं की अंगावरचा घाम गार पडायचा, इतकी दाट सावली. साडेचारशे पोफळींपैकी तीनशे आडव्या झाल्या होत्या, चाळीस माडांतले बारा मुळासकट उपटले होते. मामंजी ओटीवरून उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एकच विचारलं, "पाट वाहतोय ना?"

आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्रापासून चारेक किलोमीटर आत, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे भांडणं येणार आहेत. हे मुंबईला नोकरीत, गणपती-शिमग्याला येणारे. वाडी मी आणि मामंजी बघतो, आणि कष्टाला दोन गडी.

वादळानंतर तीनशे खड्ड्यांत श्रीवर्धनी सुपारीची रोपं लावली. पोफळीचं रोप ऊन सहन करत नाही. दक्षिण-पश्चिमेचं ऊन लागलं की पानं करपतात, खोडाला भेग पडते. म्हणून मधे केळी लावल्या. केळ सावली देते खरी, पण पाणी म्हशीसारखं पिते. मोठ्या झाडांची मुळं रोपांपेक्षा खोल, त्यांना आठवडा चुकला तर चालायचा. रोपांना तिसऱ्या दिवशी ओल नसली की सुयांसारखी पानं मिटायची. २०२१ च्या उन्हाळ्यात साठ रोपं गेली.

आता घाटावरच्या माणसाला हसू येईल. दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि यांना पाणी नाही? पण तो सगळा चार महिन्यांत पडतो आणि जांभ्यातून चाळणीतून गेल्यासारखा खाली जातो, तिथून समुद्रात. दिवाळीला पऱ्या खळखळता असतो, होळीला त्यात घोटा बुडतो आणि अक्षयतृतीयेला डबकी राहतात. त्या डबक्यांवर बारा घरांची आगरं, खालच्या वाडीतल्या वस्तीच्या विहिरी आणि गुरंढोरं. मोठी नदी नाही, धरण नाही. खोरं म्हणायचं तर हेच आमचं खोरं, वरच्या झऱ्यापासून खाडीपर्यंत साडेपाच किलोमीटरचं.

पाट आमच्या पणजोबांच्याही आधीचा. वर पऱ्यात दगडगोट्यांचा बांध, तिथून डोंगराच्या कडेकडेने सव्वा किलोमीटर मातीचा पाट, आणि त्यावर बारा पाळ्या. दर सहाव्या दिवशी एकेकाची पाळी, सहा तासांची. सकाळी सहा ते बारा एक घर, बारा ते सहा दुसरं. रात्री बांधाचं तोंड उघडायचं आणि पाणी पऱ्याला सोडायचं. हे कुठे लिहिलेलं नाही आणि यावरून कधी कोर्टकचेरीही झालेली नाही. डोकी मात्र एक-दोनदा फुटलीत.

ठिबकचं माझ्या डोक्यात होतंच. दापोलीच्या कृषी विद्यापीठात चौकशीला गेले तर कृषी अभियांत्रिकीच्या एका सरांनी मला उलटंच विचारलं, "तुमच्या वाडीत पाणी किती येतं?" म्हटलं, भरपूर यायचं, आता कमी येतं. "लिटरमध्ये सांगा." आता लिटरमध्ये कोण सांगणार? पाळी सहा तासांची, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यांनी कागदावर आकृती काढून दिली आणि म्हणाले, एक लिंबू घ्या.

पाटाचा सरळ, सारख्या रुंदीचा दहा मीटरचा तुकडा निवडायचा. दोन्ही टोकांना काठ्या रोवायच्या. लिंबू वरच्या काठीच्या थोडं आधी सोडायचं, आणि दोन काठ्यांमधलं अंतर कापायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. लिंबूच का, तर ते पाण्यात जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं; पान किंवा करवंटी सोडली तर वारा तिला ढकलतो. मग पाटाची रुंदी गुणिले पाण्याची खोली गुणिले वेग. तळाशी आणि कडांना पाणी हळू चालतं, म्हणून उत्तराला शून्य पूर्णांक आठने गुणायचं.

फेब्रुवारी २०२२. मी आणि आठवीतली लेक, हातात मोबाइल, टेप आणि परडीत पाच लिंबं. बांधाजवळ रुंदी ३० सेंटिमीटर, खोली १२, लिंबाला २५ सेकंद. म्हणजे सेकंदाला साडेअकरा लिटर. मग पाटाने चालत आमच्या वाडीच्या तोंडाशी आलो. तिथे रुंदी २५, खोली ८, आणि लिंबू रमतगमत ४० सेकंदांनी पोचलं. चार लिटर. मी तीन वेळा मोजलं. साडेअकरातले साडेसात लिटर सव्वा किलोमीटरमध्ये गायब.

एक लिंबू हातातून निसटून खालच्या वाडीपर्यंत गेलं. संध्याकाळपर्यंत कुणीतरी पाटात उतारा सोडल्याची बातमी गावभर. दोन घरांनी त्या दिवशी पाणी भरलं नाही. मामंजींना हे कळल्यावर ते वादळानंतर पहिल्यांदा खळखळून हसले, म्हणून मी ते लिंबू वाया गेलं असं म्हणणार नाही.

मग कागदावर बसले. चार लिटरने सहा तास, त्यातला पहिला तास पाट भिजण्यात आणि दांड, म्हणजे आळ्यांकडे जाणाऱ्या सऱ्या, धरण्यात जातो. उरलेले पाच तास म्हणजे ७२ हजार लिटर. सहा दिवसांवर वाटलं तर दिवसाला १२ हजार. सरांनी सांगितलेला आडाखा असा की ठिबकवर पूर्ण वाढलेल्या पोफळीला ऐन उन्हाळ्यात दिवसाला वीसेक लिटर पुरतं, माडाला तीस ते चाळीस. साडेचारशे पोफळी आणि २८ माड मिळून दहा हजारांच्या आसपास. आणि माझी तीनशे रोपं अजून लहान. म्हणजे पाटाचं पाणी पुरतच होतं, विहिरीला हात न लावता! मग रोपं का मेली?

ते वाडीत फिरून कळलं. पाणी दांडाने येतं, पहिलं आळं भरतं, फोडतात, दुसरं भरतं. पाटाच्या तोंडाशी असलेल्या ओळींची आळी गुडघाभर. गडी कोपऱ्यावर विडी ओढत बसला की ती भरूनही वाहतात. एका आळ्यात बादलीने मोजून पाहिलं तर तीनशे लिटरच्या वर मावत होतं. पोफळीची कामाची मुळं वरच्या दोन फुटांत, खोडापासून हात-दीड हाताच्या घेरात. आमची जमीन रेताड पोयटा. तीनशेतलं निम्मं पाणी मुळांना रामराम करून खाली जायचं. आणि शेवटच्या तीन ओळींना पाणी पोचेपर्यंत पाळी संपायची. मेलेल्या साठ रोपांपैकी एकेचाळीस त्या तीन ओळींतली. मी नकाशा काढून फुल्या मारल्या होत्या. नकाशा बघून मामंजी काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या पाळीला स्वतः फावडं घेऊन शेवटच्या ओळीपासून पाणी लावत आले. नुसत्या त्या उलट्या क्रमानेच त्या उन्हाळ्यात रोपं मरायची थांबली. एक पैसा खर्च न होता. ठिबक घ्यायच्या आधी हे करून बघा असं मी आता येईल त्याला सांगते, आणि कुणी ऐकत नाही, कारण त्याला अनुदान नाही.

अनुदानाची गोष्ट थोडक्यात उरकते, नाहीतर सगळा लेख तीच खाईल. प्रति थेंब अधिक पीक योजनेत अल्प आणि अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के, त्यावर राज्याचे २५, मिळून ८० टक्के. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक. आमच्या सातबाऱ्यावर चौदा नावं. त्यातली पाच मुंबई-डोंबिवलीत, एक बडोद्याला, आणि एक आत्या १९९८ साली वारल्या आहेत पण सातबाऱ्यावर ठणठणीत. वारसनोंद, मग सगळ्यांची संमतीपत्रं. बडोद्याच्या भावोजींना वाटलं मी जमीन नावावर करून घेतेय. त्यांना समजावायला मामंजींनी आयुष्यात पहिल्यांदा व्हिडिओ कॉल केला आणि पूर्ण वेळ स्वतःचा कानच दाखवला. मामंजींच्या आधारला मोबाइल नंबर यांचा जोडलेला. त्यामुळे मी इथे सेवा केंद्रात रांगेत, ओटीपी जायचा विरार लोकलमध्ये, आणि बोरिवलीच्या पुढे रेंज आली की तो माझ्याकडे यायचा, तोवर मुदत संपलेली. चौथ्या खेपेला यांनी त्या दिवशी सुट्टीच घेतली.

पूर्वसंमती आली तेव्हा पावसाळा संपत आला होता. वितरकाने आराखडा दिला तो बघून मी कपाळाला हात लावला. सरळ रेघा, प्रत्येक झाडाला खोडालगत चार लिटरचा एक ड्रीपर, माडालासुद्धा. माडाची पाणी पिणारी मुळं खोडापासून पाच-सहा फुटांपर्यंत पसरलेली. खोडाच्या बुंध्यात थेंब टाकून काय देवपूजा करायचीय? त्याला म्हटलं माडाला गोल नळी फिरवून आठ लिटरचे चार, मोठ्या पोफळीला चार लिटरचे दोन, खोडापासून हातभर लांब, दोन बाजूंना. रोपाला सध्या एक, दुसऱ्याची जागा ठेवायची. तो म्हणाला, मापदंडात बसणार नाही. बसू नये तर नको, वरचे पैसे मी भरते. भरले. मोका तपासणी होऊन अनुदान खात्यात यायला पुढे नऊ महिने लागले, तोवर वितरकाचे पैसे मी बचतगटातून काढले होते.

पाटाची पाळी सहाव्या दिवशी आणि ठिबक तर रोज चालवायचं. मधे साठवायचं कुठे? वाडीच्या वरच्या अंगाला जांभ्याचं जुनं टाकं आहे, आजेसासऱ्यांनी बांधलेलं, पाच मीटर बाय चार, दोन खोल. चाळीस वर्षं त्यात पातेरा आणि बेडूक. गाळ काढला, सांधे भरून घेतले. ४० हजार लिटर त्यात, बाकीचं विहिरीतून रोज पंधरा-वीस मिनिटं पंप लावून. पंपही मोजला होता: तीन एचपीचा, दोनशे लिटरचं पिंप पंचेचाळीस सेकंदांत भरतो.

पहिला उन्हाळा, २०२३. फेब्रुवारी झकास. मामंजींना मात्र पटेना. सत्तर वर्षं त्यांनी भरलेली आळी बघितलेली. शिपणं म्हणजे पाण्याचा आवाज, चिखलाचा वास, पायाला गारवा. इथे वाडी कोरडी ठणठणीत, पातेऱ्याखाली कुठेतरी टिप-टिप. "पाणी दिसत नाही तर दिलं कसं म्हणायचं?" रात्री मी झोपल्यावर ते उठून दांडाने पाणी सोडायचे, हे मला टाक्याची पातळी घसरायला लागल्यावर कळलं. भांडले नाही. सकाळी पहार घेऊन एका पोफळीच्या बाजूला खड्डा काढला. वर बोटभर माती भुरभुरीत, त्याखाली कांद्याच्या आकाराचा ओलावा, दीड फुटापर्यंत, त्याखाली पुन्हा कोरडं. पांढरी मुळं नेमकी त्या ओल्या कांद्यात शिरलेली, केसांसारखी. मामंजींनी माती मुठीत दाबून बघितली, लाडू वळला. मग म्हणाले, "माडाजवळ काढ." माडाजवळ काढला. मग म्हणाले, "शेवटच्या ओळीत काढ." तिथेही तेवढाच कांदा. त्या दिवसापासून रात्रीचं पाणी बंद.

आणि एप्रिलमध्ये, अगदी पटल्यावर, ठिबकने दगा दिला. रोपं कोमेजायला लागली. ड्रीपरखाली वाटी ठेवून तासाचं पाणी मोजलं: चारच्या जागी दीड लिटर, काहींत नुसता घाम. एक ड्रीपर उघडला तर आत गंजाच्या रंगाचा, बोटाला चिकटणारा शेंबडासारखा गाळ. आमचं विहिरीचं पाणी लोखंडाचं. बादलीत काढलं तेव्हा नितळ, तासाभराने पिवळसर, दुसऱ्या दिवशी तळाला तांबडा थर, म्हणून तर पांढरे कपडे आम्ही विहिरीवर धूत नाही. पाण्यात विरघळलेलं लोह हवा लागली की गंजतं, आणि त्यावर वाढणारे जिवाणू तो गाळ करतात. आणि मी काय केलं होतं? टाकं कमी पडायला लागल्यावर पंपाचं पाणी थेट फिल्टरमध्ये दिलं होतं. फिल्टरमधून ते विरघळलेलं लोह आरामात गेलं आणि नळीत जाऊन गंजलं.

वितरक म्हणाला, अ‍ॅसिड सोडा. सोडलं, विचारून, मापाने, रात्रभर ठेवून सकाळी धुतलं. निम्मे ड्रीपर सुधारले. उरलेले दोनशे-अडीचशे मी आणि लेकीने दुपारी ओटीवर बसून टाचणीने साफ केले, जसे तांदूळ निवडतात तसे. खरा उपाय बिनखर्चाचा निघाला. विहिरीचं पाणी आता आधी टाक्यात जातं, तेही सरळ नाही. टाक्याच्या कडेला जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्या रचल्यात, त्यावरून आपटत फुटत उतरतं. हवा तिथेच लागते, गंज टाक्याच्या तळाशी बसतो. पंपाचं तोंड तळापासून दोन फूट वर. मग डिस्क फिल्टर. दर शनिवारी नळ्यांची टोकं उघडून पाणी लाल यायचं थांबेपर्यंत वाहू द्यायचं. शनिवारी मारुतीला तेल आणि ठिबकला फ्लश, असं लेकीने कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

साळिंदराने नळ्या कुरतडणं, रानडुकरांनी ओला कांदा हुंगून आळीच्या आळी नांगरून काढणं, हे कोकणात सांगायला नको. नळ्यांवर नारळाची सोडणं पालथी घालून वर पोफळीच्या विऱ्या आणि पातेरा टाकला की साळिंदराचा त्रास थोडा कमी होतो. डुकरावर उपाय नाही. असल्यास कळवा.

इथवर सगळं माझ्या कुंपणातलं. खरी गोष्ट कुंपणाबाहेर झाली.

माझ्या लिंबाच्या हिशेबाची गावात चर्चा झाली होती. साडेअकरातले साडेसात लिटर वाया! हा आकडा मीच ग्रामसभेत सांगितला, हे कबूल केलं पाहिजे. २०२३ च्या डिसेंबरात बारा घरांनी वर्गणी काढली, श्रमदान केलं आणि पाटाच्या सगळ्यात गळक्या सातशे मीटरमध्ये १४० मिलिमीटरचा काळा पाइप टाकला. त्या भागात पाट उघड्या जांभ्यावरून आणि खेकड्यांच्या बिळांवरून जायचा. जानेवारीत पुन्हा लिंबू सोडलं. आमच्या तोंडाशी आठ लिटर! दुप्पट. नारळ फुटला, पेढे वाटले.

पाणी दुप्पट झालं की पाळी निम्मी करायची, हे मला त्या वेळी सुचलं नाही असं नाही. मी सुचवलं. पण आलेलं पाणी परत कोण करतो? दोघांनी पडीक मळ्यात कलिंगड लावलं, एकाने भाजीचे वाफे वाढवले, एकाने तर सहा महिन्यांसाठी मळा बाहेरच्या माणसाला भाड्याने दिला. आमच्या टाक्यात मावत नव्हतं ते पाणी मीही आंब्याच्या कलमांना सोडत होतेच.

१८ एप्रिल २०२४ ला खालच्या वाडीतल्या काकी आमच्या अंगणात आल्या. त्यांची विहीर आमच्या पाटाच्या खाली, उताराला साठेक मीटरवर. तिला कधी मेच्या पंधरा तारखेच्या आत तळ लागल्याचं कुणाच्या आठवणीत नाही. चहा घेतला नाही. म्हणाल्या, "वैनी, आमचा पानी तुमच्या पायपात ग्येला."

माझं पहिलं उत्तर शहाणपणाचं होतं. म्हटलं, काकी, यंदा पाऊस लवकर थांबला, तुमची विहीर उथळ आहे, पाइपात वाया जाणारं पाणी होतं ते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाया म्हंजे खय जात हुता?"

रात्रभर ते डोक्यात राहिलं. साडेसात लिटर जात कुठे होते? मी मोजलं ते पाटातून गेलेलं. कुठे गेलं ते मोजलंच नव्हतं. जांभ्यातून मुरलेलं पाणी खाली चिकण मातीच्या थरावर अडतं आणि उताराने सरकत जातं. पाटाखाली उताराला काकींची विहीर, तिच्याखाली गुरं पाणी पितात तो डुरा, त्याच्याखाली पऱ्याचं ते डबकं, जे मे महिन्यात कधी आटत नव्हतं आणि त्या वर्षी आटलं. फेब्रुवारीच्या मापाने सेकंदाला साडेसात लिटर, बारा तास, म्हणजे दिवसाला सव्वातीन लाख लिटर पणजोबांचा तो गळका पाट डोंगरात मुरवत होता. त्यातलं बरचसं झाडंझुडपं आणि हवा घेत असणार. पण सगळं नाही.

पटवून घ्यायला आणखी एक प्रयोग केला. काकींच्या रहाटाच्या दोराला हाताहातावर गाठी मारल्या, म्हणजे पाण्याला दोर कितव्या गाठीला टेकतो ते रोज बघता येईल. माझ्या पाळीचं पाणी पाइपाऐवजी जुन्या पाटात सोडलं; शेजारच्या दोन घरांनी, भीडेखातर का होईना, त्यांचीही एकेक पाळी दिली. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी तळाच्या चिखलावर बोटभर पाणी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दीड हात. काकी म्हणाल्या, "बग." एवढंच.

त्यावरून गावात जी बैठक झाली तिचं वर्णन करत नाही. कलिंगडवाल्याचं म्हणणं खोटं नव्हतं: त्याने वर्गणी दिली, अंग मोडून काम केलं, आणि आता पीक उभं असताना पाणी सोडा म्हणता? पाइप उपटून टाका म्हणणारेही होते. शेवटी २०२५ साठी ठरलं ते असं. पाळी सहा तासांची चार तासांवर. सोमवारी रात्री अख्खी रात्र पाणी पाइपात न घेता जुन्या पाटात. त्यासाठी तो बुजवायचा नाही. काकींच्या विहिरीच्या वरच्या अंगाला पाटालगत चर खणले, तिथे पाणी थांबून मुरतं. आणि त्याच्या खाली पऱ्यात सिमेंटच्या पोत्यांचा वनराई बंधारा, तो नोव्हेंबरातच घालायचा, पाणी वाहतं आहे तोवर. जानेवारीत घातलेला बंधारा फोटोपुरता असतो. नवं क्षेत्र भिजवायचं नाही हेही ठरलं होतं. ते पाळलं गेलं नाही. कलिंगड गेल्या वर्षीही होतं, फक्त थोडं कमी.

काकींची विहीर गेल्या वर्षी टिकली. पण ती आमच्या चरांनी टिकली की पावसाने, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, कारण २०२५ ला मे महिन्यातच धो-धो सुरू झाला आणि २५ मेला तर मान्सूनच कोकणात उतरला. १० मेला दोर शेवटून दुसऱ्या गाठीला टेकत होता एवढं वहीत आहे. आणखी पंधरा दिवस ऊन असतं तर काय, ते वहीत नाही.

गाठी आता काकी स्वतः बघतात. पाचव्या गाठीला त्यांनी लाल दोरा बांधलाय; पाणी त्याच्या खाली गेलं की नातवाला सांगून मला निरोप धाडायचा. यंदाचा पहिला निरोप होळीच्या आदल्या दिवशी आला. मी ठिबकची टोकं उघडून बसले होते, हात लालभडक. मामंजींनी निरोप वाचला, चपला पायात घातल्या आणि काठी घेऊन बांधाकडे निघाले. वार सोमवार नव्हता. मी काही म्हटलं नाही.